उत्तर पुस्तकात आहे, मग लंबक कशाला?

दिवाळीच्या सुट्टीत अकरावीच्या मुलांना मी दरवर्षी एकच गृहपाठ देतो. दगड, दोरा आणि सेकंद मोजणारे घड्याळ एवढेच साहित्य. घरी लंबक टांगायचा, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे.

सुट्टी संपली की पालक भेटायला येतात. "सर, ९.८ हे उत्तर पुस्तकात छापलेलेच आहे. मुलाचे दोन दिवस फुकट गेले." गेल्या वर्षी तर शिकवणी घेणाऱ्या एका गृहस्थांनी सगळी आकडेमोड फळ्यावर तयार लिहून दिली. अकरा वह्यांत ९.८० आले, शेवटच्या शून्यासह! मला राग आला, हे कबूल करतो. मुलांचा नव्हे.

त्याच गठ्ठ्यात एका मुलीचे उत्तर ९.५९ होते. "चुकलंय, ९.८ लिहून टाक," असे तिला घरी सांगितले गेले होते, तिने ऐकले नाही. आम्ही दोघांनी कारण शोधले. तिने दोरा गाठीपर्यंत मोजला होता, ९८ सेंटिमीटर. लंबकाची लांबी मात्र दगडाच्या मध्यापर्यंत धरावी लागते आणि तो आणखी २ सेंटिमीटर खाली होता. ते मिळवताच उत्तर ९.७९ आले. आपल्या महाराष्ट्रात ते साधारण तेवढेच असते, ध्रुवापाशी ९.८३ असते. पुस्तकातला ९.८ हा सोयीसाठी घेतलेला आकडा आहे.

वीस आंदोलनेच का, हेही मोजल्याशिवाय पटत नाही. घड्याळ सुरू-बंद करताना पाव सेकंद सहज चुकतो. मीटरभर लांबीच्या लंबकाचे एकच आंदोलन मोजले, तर तेवढ्याने उत्तर सुमारे पंचवीस टक्के बिघडते. वीस मोजली तर एक टक्क्याच्या आसपास.

१६७२ साली झां रिशे हा फ्रेंच खगोलवेत्ता विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पॅरिसचा आकडा खरा मानून त्याने आपली नोंद 'सुधारली' असती तर? पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, हे मांडताना न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात या नोंदीचा आधार घेतला.

बाहेरच्यांनी बोलूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. एका विद्यार्थ्याचे आजोबा घड्याळे दुरुस्त करीत. नातवाबरोबर संध्याकाळभर आंदोलने मोजून ते माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, ओबडधोबड दगडाचा मध्य पोरांनी शोधायचा कसा?" मला उत्तर देता येईना. तक्रार त्यांचीही माझ्या गृहपाठाबद्दलच होती, पण ती लंबक टांगून पाहिल्यावर केलेली होती.

यंदापासून म्हणून गृहपाठ बदलला आहे. एकाच लंबकाचा आंदोलनकाल दोन वेगवेगळ्या लांबींवर काढा. लांबी गाठीपर्यंतच मोजा. दोन लांबींमधील फरकाला आंदोलनकालांच्या वर्गांमधील फरकाने भागा आणि ३९.४८ ने गुणा. मध्य कोठे आहे हे कळण्याची गरजच उरत नाही. दगडाची गाठ मात्र सोडू नका. दोरा वरूनच आखूड करा.