सायकलीने जायचे कुठून?

रस्ता रुंद झाला की प्रगती झाली, हा समज आता कोणी तपासूनही पाहत नाही. मला तो मुळीच मान्य नाही.

आमच्या वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. २०२५ साली पुरा झाला. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही बंदी! त्या वेगापुढे बंदी रास्तच आहे. पण मग सायकलवाल्यांना उरले काय? मालेगाव-मानोऱ्याकडचे, अजिंठ्याच्या डोंगररांगेतले चढउताराचे गावरस्ते. ते मी सायकलीने पालथे घातले आहेत. चढावर उतरून सायकल ढकलण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

कोणी म्हणेल, रस्ते रुंद केल्यावाचून सोयाबीन बाजारात कसे जाणार? अहो, खड्डे बुजवा, मोऱ्या बांधा. सोयाबीन सुखरूप जाईल. रुंदीने भागते ती परक्या ट्रकांची घाई, आणि तिच्यापायी कडेची झाडे तुटतात!

सरकार मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली देते. फार चांगले. पण एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या वाटेवर भरधाव ट्रक सोडायचा, हा कुठला न्याय?

मोटारीला समृद्धी दिलीत. सायकलीला आडरस्ता तरी राहू द्या. वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा पोरांना घेऊन त्या रस्त्याने एकदा सायकल काढा, आणि मग खुशाल माझ्याशी भांडा!