बाळाच्या तोंडी 'ळ' यावा म्हणून

गेल्या दिवाळीत पुतण्याच्या घरी फराळाला गेलो होतो. त्याचा धाकटा मुलगा साडेचार वर्षांचा. बडबड्या म्हणून सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध. टेबलावर फळांची टोपली होती. त्याने आईचा पदर ओढला आणि म्हणाला, "आई, ते सोलून खायचं दे ना." मला नवल वाटले. या वयाच्या मुलाला केळे हा शब्द ठाऊक नसावा? मागाहून स्वयंपाकघरात वहिनींनी खुलासा केला. "भाऊजी, त्याला शब्द येतो, पण तो म्हणत नाही. गणपतीत पाहुण्यांनी त्याला 'काळा कावळा' म्हणायला लावलं आणि सगळे हसले. दोनदा, तीनदा म्हणायला लावलं. तेव्हापासून शाळेलासुद्धा तो 'टीचरकडे जायचं' असं म्हणतो."

या हसणाऱ्यांत कोणी दुष्ट नव्हते. बोबडे बोल ऐकून मोठ्यांना भरते येते, हा आपल्या घराघरांतला अनुभव आहे. परंतु 'ळ' चुकवायचा तर मराठी मुलाने काय काय सोडायचे? खेळ, शाळा, वेळ, डोळा, पोळी, गूळ, आजोळ आणि स्वतः बाळ! साडेचार वर्षांच्या जिवाने एका वर्णापायी आपल्या साऱ्या दिवसाला वळसा घालावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी मला वाटली नाही.

मुळात हा वर्ण अवघड आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. 'ल' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. 'ळ' साठी तेच टोक मागे वळवून टाळूच्या उंच भागाला, म्हणजे मूर्धेला, लावावे लागते. श्वास जिभेच्या दोन्ही कडांनी बाहेर पडतो आणि मग जीभ झटक्यासरशी पुढे खाली येते. हे सारे क्षणार्धात. पाणिनीय शिक्षेत वर्णांची आठ स्थाने सांगितली आहेत, ती काही पंडितांच्या हौसेखातर नव्हेत. ज्यांना वेद अक्षरशः मुखात जतन करायचे होते, त्यांना जीभ नेमकी कुठे लागते हे शिकवावेच लागले. ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेतील दुसऱ्याच पदात 'ळ' आहे आणि समर्थांच्या मनाच्या श्लोकांतील पहिल्या श्लोकातही तो आहे. म्हणजे पाठांतराला बसलेल्या मराठी मुलाची या वर्णाशी गाठ पहिल्याच दिवशी पडते.

मुलांच्या तोंडी ध्वनी एका क्रमाने येतात. प, ब, म हे ओठांचे वर्ण आधी. जिभेला कसरत करायला लावणारे र, ळ, ण यांसारखे वर्ण उशिरा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी 'ळ' चा 'ल' किंवा 'य' होणे यात रोग नाही की आळस नाही. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांची जीभ आपण होऊन स्थिरावते. अडचण होते ती दोन टोकांच्या आईबापांमुळे. एक म्हणतात, "होईल आपोआप," आणि सात वर्षांचे होईपर्यंत बघत नाहीत. दुसरे तिसऱ्या वर्षीच "नीट म्हण, पुन्हा म्हण" म्हणून मुलाला ताटावर रडवतात.

आणखी एक अपराध आपण सारेच करतो. तान्ह्या मुलाशी बोलताना आपणच बोबडे होतो. "कुथे गेलं माझं बाल?" असे म्हणणाऱ्या आजी-आजोबांत हा लेखकही येतो, हे कबूल करतो. लाडाचा सूर जरूर असावा. तो सूर, तो चढउतार मुलाला भाषेकडे ओढून घेतो. पण सूर लाडाचा ठेवून वर्ण मात्र शुद्ध ठेवता येतात. ज्याला 'बाळ' हा शब्द वर्षभर 'बाल' म्हणूनच ऐकवला, त्याच्याकडून चौथ्या वर्षी 'ळ' ची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

कारण वर्ण आधी कानात घडतो, मग जिभेवर. आणि आज या कानावर किती 'ळ' पडतात, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. मूल इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात. इंग्रजीत हा ध्वनी नाही. घरी आल्यावर व्यंगचित्रपट हिंदीत. प्रमाण हिंदीतही तो नाही. हिंदी वृत्तनिवेदक आपल्या धुळ्याचे 'धुले' आणि जळगावचे 'जलगांव' करतात, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या वर्णमालेची ती सवय आहे. गुजराती, राजस्थानी, पंजाबी, उडिया आणि दक्षिणेच्या चारही प्रमुख भाषांत मात्र 'ळ' नांदतो आहे, हे आपण विसरतो. रोमन लिपीत लिहिलेल्या लोणावळ्यात 'ल' आणि 'ळ' दोघांना एकच अक्षर. उरले घर. घरात आईवडील संध्याकाळी सातनंतर भेटतात. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. योग्यच केले. त्या पेढ्याबरोबर रोज अर्धा तास मुलाशी मराठीत गप्पा मारल्या असत्या तर अधिक बरे झाले असते.

पुतण्याच्या घरी पुढे जे घडले ते सांगतो, कारण ते कोणालाही करता येण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, त्याचे कान तपासून घेतले. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्राव साचतो आणि ऐकू मंद येते. घरच्यांना मात्र मूल दुर्लक्ष करते असे वाटते. याचे कान उत्तम होते. जीभ 'जड' आहे, तिच्याखालचा पडदा कापून घ्या, असा सल्ला देणारेही भेटले. ज्याची जीभ वरच्या ओठाला लागते आणि जो 'ड' आणि 'ण' स्पष्ट म्हणतो, त्याला कात्री कशाला?

वाचोपचार तज्ज्ञ बाईंनी नेमका हाच धागा पकडला. 'ड' येतो, म्हणजे जिभेला मूर्धेचा पत्ता ठाऊक आहे. प्रथम कानाचा खेळ. दोन चित्रे: भोपळ्याचा वेल आणि घड्याळातली वेळ. बाई शब्द म्हणणार, त्याने नुसते बोट ठेवायचे. स्वतः म्हणायचे नाही. मग चाल आणि चाळ, माल आणि माळ, गाल आणि गाळ. भेद कानाला पटल्यावर आरसा आला. तोंड जरा उघडे, जिभेचे टोक वर मागे, 'अड, अड' म्हणता म्हणता श्वास कडांनी सोडायचा. 'ळ' ने मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून सराव आळ, ओळ, अळी असा; मग शब्द, मग छोटे वाक्य. रोज पाच मिनिटे, त्याहून अधिक नाही. वहिनींना एकच पथ्य सांगितले होते. तो 'केल' म्हणाला तर "असं नाही, असं" म्हणायचे नाही, "केळं हवं? हे घे केळं," एवढेच म्हणून केळे हातात द्यायचे.

राळ्यांचे ते जिभेला पीळ घालणारे जुने वाक्य अशा मुलाला पहिल्या दिवशी देऊ नये. ती परीक्षा आहे, अभ्यास नव्हे. संस्कारवर्गातील पाठांतराचेही तसेच. तालात पन्नास मुलांबरोबर म्हणताना चुकीचा वर्ण तालात वाहून जातो आणि पक्का होतो. वर्ग घेणाऱ्या ताईंनी अधूनमधून एकेकाचे ऐकावे, पण सर्वांसमोर कोणाची नक्कल करू नये. शिक्षाग्रंथात एक सुंदर दृष्टान्त आहे: वाघीण पिल्लांना दातांत धरून नेते, ती पडू नयेत आणि दातही रुतू नयेत अशी, वर्ण तसे उच्चारावेत. मुलालाही तसेच धरावे लागते.

एक खबरदारी मात्र हवी. वऱ्हाडात आणि खानदेशात 'डोळा' चा 'डोया' होतो, किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत 'पाणी' चे 'पानी'. तो वाणीदोष नव्हे, तिथली बोली आहे; ते मूल आपल्या आईचे बोलणे तंतोतंत उचलते आहे. त्याला प्रमाण उच्चारही शिकवावा, पण दुसरा सदरा द्यावा तसा. अंगावरचा फाडून नव्हे. एका 'ण' वरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड आपल्या शहरी मध्यमवर्गात आहे आणि समाज एक करण्याच्या गोष्टी बोलणाऱ्यांनी ती आधी आपल्या दिवाणखान्यातून घालवावी.

सहा वर्षे उलटूनही वर्ण येत नसेल, तिसऱ्या-चौथ्या वर्षी परक्याला मुलाचे बोलणे बहुतांशी कळत नसेल, किंवा आमच्या या पोरासारखे ते बोलणेच टाळू लागले, तर थांबू नये. मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करीत आहे आणि मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतही वाचोपचार विभाग असतात.

परवा पुन्हा त्यांच्या घरी गेलो. साहेब आता पाच वर्षांचे झाले आहेत. 'ळ' सापडला आहे, इतका की तो कुठे ठेवावा हे कळेनासे झाले आहे. वहिनींसमोर उभे राहून, जीभ चांगली मागे वळवून त्याने मागणी केली, "आजी, मला ळाडू दे." वहिनींनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिले आणि डब्यातून काढून दिला. "हा घे लाडू."