कूपन दुकानाचे, यादी घराची

आमच्या आजीच्या पिढीत ‘कूपन’ या शब्दाला एकच अर्थ होता. टंचाईच्या दिवसांत साखर, रॉकेल अशा जिनसांचा जो ठरावीक वाटा पदरी पडे, त्याचा तो दाखला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि माणशी धान्य किती याचा हिशेब सरकारदप्तरी होऊ लागला. वस्तू थोडी आहे, तेव्हा कोणीही आपल्या वाट्यापेक्षा अधिक घेऊ नये, असे त्या व्यवस्थेचे सांगणे होते. आज तोच शब्द वर्तमानपत्राच्या पुरवणीतून, दुकानाच्या बिलामागून आणि मोबाइलच्या पडद्यावरून दिवसातून दहा वेळा आपल्यासमोर येतो; पण त्याचे सांगणे नेमके उलट आहे. वस्तू भरपूर आहे, मुदत आज रात्रीपर्यंतच आहे, तेव्हा ठरवले होते त्यापेक्षा अधिक घ्या!

महागाईने गांजलेल्या पगारदार कुटुंबाला या नव्या कूपनाचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, मुलांची फी, औषधपाणी हे खर्च आपल्या इच्छेने कमी होत नाहीत. हात आखडता घेता येतो तो वाण्याच्या बिलातच, आणि म्हणून कूपन ही महागाईवरची मात्रा आहे असा समज रूढ होत आहे. तो समज कितपत खरा आहे आणि वाणसामानातील खरी बचत कोठे होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उत्पन्न वाढत जाते तसतसा एकूण खर्चातील अन्नाचा हिस्सा कमी होत जातो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली दाखवून दिले. आपल्याकडेही तेच घडत आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२२-२३ सालच्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीनुसार शहरी भागात दरडोई खर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च अन्नपदार्थांवर होतो. १९९९-२००० साली हेच प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास होते. परंतु या आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. शहरी कुटुंबाच्या खर्चात धान्याचा वाटा आता ४ टक्क्यांहूनही कमी आहे, तर पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा १० टक्क्यांहून अधिक आहे. आता आपल्याला मिळणारी कूपने कोणत्या वस्तूंवर असतात ते आठवून पाहावे. ज्वारीवर, तुरीच्या डाळीवर, पालकाच्या जुडीवर कूपन क्वचितच दिसेल. ते असते बिस्किटे, नूडल्स, शीतपेये आणि साबण यांवर. म्हणजे ज्या बाजूला आपला खर्च आधीच कलला आहे, त्याच बाजूला कूपन त्याला आणखी ढकलत असते.

सवलतीचे गणित

विक्रेता कूपन देतो ते धर्मादाय म्हणून नव्हे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोका-कोलाच्या विक्रेत्यांनी एक पेला पेय फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, त्या गिऱ्हाइकाला चव लागावी म्हणून. अर्थशास्त्रात ज्याला मूल्यभेद म्हणतात, त्याचेही कूपन हे सोयीचे साधन आहे. जो गिऱ्हाईक किमतीची फारशी फिकीर करीत नाही त्याच्याकडून पूर्ण किंमत घ्यावयाची, आणि जो चिठ्ठ्या जपून ठेवण्याइतका काटकसरी आहे त्याला थोडी सूट देऊन तोही हातचा जाऊ द्यावयाचा नाही, असा हा व्यवहार आहे. त्यात लबाडी असतेच असे नाही. पण तो विक्रेत्याच्या सोयीसाठी आखलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. ५०० रुपयांच्या खरेदीवर ५० रुपये सूट, अशी योजना आहे. आपली यादी ३८० रुपयांची होते. सूट सोडवत नाही म्हणून आपण १२० रुपयांच्या आणखी दोन वस्तू उचलतो आणि ४५० रुपये देतो. बिलावर ‘आपली बचत ५० रुपये’ असे ठळक छापलेले असते. प्रत्यक्षात खिशातून ७० रुपये अधिक गेलेले असतात. त्या दोन वस्तू पुढील आठवड्याच्या यादीतल्याच असतील, तर ५० रुपयांचा लाभ खरा. त्या नको असतील, तर ७० रुपयांचा भुर्दंड खरा. याचा निवाडा कूपन करीत नाही. तो यादीच करू शकते, आणि यादी नसेल तर तो होतच नाही.

दुसरा सापळा वजनाचा. ९०० ग्रॅमचे पाकीट १३५ रुपयांना आणि किलोचे १४६ रुपयांना असेल, तर घाईतल्या नजरेला पहिले स्वस्त वाटते. हिशेब केला तर पहिल्याचा दर किलोला १५० रुपये पडतो. पूर्वी बिस्किटे, चहा, खाद्यतेल अशा अनेक वस्तूंची पाकिटे ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन होते. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने हे बंधन काढून टाकले. त्याच वेळी पाकिटावर ग्रॅमची किंवा किलोची एकक किंमत छापण्याचा नियमही आणला. हा नियम ग्राहकाच्या हातातील उत्तम शस्त्र आहे. परंतु बारीक अक्षरांत छापलेला तो आकडा वाचणारे किती? प्रस्तुत लेखकाने पदवीच्या वर्गात विचारले, तेव्हा साठ विद्यार्थ्यांपैकी चौघांनी हात वर केले. आम्ही त्यांना समवृत्ती वक्र शिकवितो. पाकिटाची मागची बाजू वाचावयास शिकवीत नाही.

हा दोष विद्यार्थ्यांवर ढकलून शिक्षकाला मोकळे होता येणार नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आमच्याच घरातील फडताळातून ‘एकावर एक मोफत’ अशा योजनांची बरीच स्मारके निघाली: मुदत उलटलेली सुपाची पाकिटे, कोणालाही न आवडलेला जाम, आणि दोन वर्षे पुरेल इतके भांड्यांचे साबण. विवेकी ग्राहकावर वीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या माणसाच्या घरचे हे चित्र आहे.

यादी आणि बेत

याच फडताळात आईची जुनी हिशेबाची वही सापडली. आमचे बालपण सांगलीत गेले. वडील कारकून, पगार एकाचा आणि खाणारी तोंडे सात. त्या वहीत कोठेही ‘बचत’ हा शब्द नाही. आहे ती बेगमी. फाल्गुन-चैत्रात शाळू आणि गहू, हंगामात तूरडाळ, सांगलीच्या बाजारातली हळकुंडे, मिरच्या. मग उन्हाळाभर कुरडया, पापड, सांडगे. कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या याच तयारीला आगोट म्हणतात. भाव उतरलेले असताना घ्यावयाचे आणि चढतील तेव्हा बाजाराकडे फिरकावयाचे नाही, हे त्यामागचे धोरण. वहीच्या दुसऱ्या भागात आठवड्याचा बेत आहे. सोमवारी मटकी भिजत घातली की बुधवारी उसळ. उरलेली उसळ गुरुवारी मुलांच्या डब्यात. ताक आंबट झाले की कढी. पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी. त्या स्वयंपाकघरातून टाकून देण्याजोगे फारसे काही बाहेर पडत नसे.

आज पाचशे चौरस फुटांच्या घरात वर्षाचे धान्य साठविणे शक्य नाही, आणि ते नेहमी फायद्याचे ठरते असेही नाही. आयात वाढली की डाळीचे भाव हंगामानंतरही उतरतात. शिवाय पोरकिड्याचा धोका असतोच. परंतु बेताचे तत्त्व जुने झालेले नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा ज्या घरात कृती आधी ठरवून मग बाजार केला जातो तेथे ओरड झाली. ज्या घरात बाजार पाहून बेत बदलण्याची सवय होती, तेथे आमटीत आमसूल किंवा चिंच पडली आणि काम भागले. पाठ्यपुस्तकात ज्याला आपण पर्यायी वस्तू म्हणतो, ती हीच.

आमच्या घरी गेल्या माघापासून नियम केला आहे. शनिवारी रात्री प्रथम डबे आणि फ्रिज पाहावयाचे. घरात आहे त्यातून निदान दोन दिवसांचा बेत करावयाचा. उरलेल्या दिवसांचा बेत मांडून त्यावरून यादी करावयाची. आणि कूपने पाहावयाची ती सर्वांत शेवटी. यादीतील वस्तूवर सूट असेल तर ती आनंदाने घ्यावी, नसेल तर कूपन केराच्या टोपलीत टाकावे. तीन महिन्यांची बिले मागील वर्षाच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिली. भाव वाढलेले असूनही एकूण रक्कम वाढली नव्हती. यात कूपनांचा वाटा किरकोळ होता. मोठा वाटा होता तो न घेतलेल्या आणि न फेकलेल्या वस्तूंचा.

हा भार कोणाचा?

येथवर वाचून एखाद्या गृहिणीला हसू आले असेल. कारण प्राध्यापकांनी आज शोधून काढलेले हे शास्त्र ती न बोलता आचरीत आली आहे. बेत आखणे हे काम आहे, आणि ते काम न दिसणारे आहे. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या कालवापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा आकडा होता ८८ मिनिटे. उद्या कोणता डबा, कोणाचा उपवास, कोणाला पथ्य, तेल कधी संपणार, हा डोक्यातला हिशेब तर अशा मिनिटांत पुरता मावतही नाही. म्हणून ‘काटकसर करा’ हा उपदेश घरातील पुरुष जेव्हा करतो, तेव्हा तो बहुधा दुसऱ्याच्या श्रमातून बचत करू पाहत असतो. आठवड्याची यादी मी करू लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात दोनदा मीठ आणि एकदा मोहरी विसरलो. पत्नी काही बोलली नाही; परंतु त्या मौनाचा अर्थ कळण्याइतका शहाणपणा मला त्या महिन्याने दिला.

ज्याला साठवता येत नाही

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. महिन्याची यादी करावयास महिन्याचा पगार लागतो. ज्याला रोजची मजुरी रोज मिळते, तो संध्याकाळी पाव किलो डाळ आणि छटाकभर तेल घेतो, आणि किलोमागे आपल्यापेक्षा अधिक दाम मोजतो. गरिबाला गरिबीच महाग पडते. त्याला ‘नियोजन करा’ असे सांगणे हा कोरडा उपदेश झाला. शिवाय कोणत्याही घरातील काटकसर भावांच्या चढाला आळा घालू शकत नाही. १९७२ साली मुंबईच्या स्त्रिया मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या गृहकृत्यात कमी पडत होत्या म्हणून नव्हे. स्वयंपाकघराचा हिशेब हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे सरकारला सांगण्यासाठी आल्या.

या दोन्ही टोकांमधला मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली अपना बाजार उभा राहिला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून, त्यांची मागणी आगाऊ नोंदवून, घाऊक खरेदी करून सभासदांच्याच हातांनी वाटप करण्याची पद्धत रूढ केली. या पद्धतीचा कणा कूपन हा नसून यादी हाच आहे. प्रत्येक घराने आपली गरज आधी कागदावर मांडावयाची, आणि अशा अनेक कागदांची बेरीज घेऊन बाजारात जावयाचे. जी सौदाशक्ती एकट्या कुटुंबाजवळ नसते, ती या बेरजेत येते. अनेक ग्राहक भांडारे पुढे ढिल्या कारभाराने मोडकळीस आली, हे खरे आहे. पण तो कारभाराचा दोष होता, कल्पनेचा नव्हे.

शिक्षक आणि कर्मचारी यांच्या पतसंस्था आज जवळजवळ प्रत्येक गावी आहेत. सभासदांना कर्ज देण्यात त्या तत्पर असतात. त्यांनी वर्षातून दोनदा, धान्याच्या आणि डाळीच्या हंगामात, सामुदायिक खरेदी हाती घ्यावी. शाळा-महाविद्यालयांतील शिपाई आणि सफाई कामगार यांनाही त्यात सामावून घेऊन त्यांच्या रकमेचे हप्ते पाडून द्यावेत. वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी खानावळीचा आठवड्याचा बेत आणि जमाखर्च स्वतः मांडावा. त्याहून चांगले प्रात्यक्षिक अर्थशास्त्राच्या विभागाला सापडणार नाही. वैधमापन खात्याने एकक किंमत ठळक अक्षरांत छापली जाते की नाही, हे दुकानांत जाऊन पाहावे.

तोवर प्रत्येक घराला आजपासून करता येण्यासारखी गोष्ट एवढीच आहे: शनिवारी रात्री घरातील सर्वांनी एकत्र बसून एक कागद घ्यावा, डबे उघडून पाहावेत आणि मग लिहावयास सुरुवात करावी. कूपनावर मुदत दुकानदार घालतो. आपल्या घरी केव्हा, काय आणि किती शिजावे हे मात्र आपणच ठरवावे.