स्टार ट्रेक : शेवट कोणाच्या हाती?

‘स्टार ट्रेक : स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही मालिका पाचव्या पर्वानंतर संपणार आणि ते अखेरचे पर्व अवघ्या सहा भागांचे असणार, असे पॅरामाउंट प्लस या इंटरनेटवरील अमेरिकी प्रसारण सेवेने जून २०२५ मध्ये जाहीर केले. त्या वेळी मालिकेचे तिसरे पर्वही प्रेक्षकांसमोर यायचे होते. चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली, हे ओघानेच आले. परंतु त्या नाराजीत सुटकेचा निःश्वासही मिसळलेला होता. मालिका बंद पाडली जात नाही, संपवली जात आहे. कथा आवरती घेण्यास लेखकांना वेळ मिळाला आहे, ही त्यामागची भावना. ‘स्टार ट्रेक’ला आता साठ वर्षे होत आली. या प्रदीर्घ काळात तिच्या चाहत्यांना हे सुख फार थोड्या वेळा लाभले आहे.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे दुःख चटकन उमगणार नाही. मराठी वा हिंदी दैनंदिन मालिकांबाबत आपली तक्रार नेमकी उलटी असते. मालिका संपतच नाही, तिच्यात पाणी घातले जाते, असे आपण म्हणतो. अमेरिकेतील विज्ञानकथा मालिकांचे गणित वेगळे आहे. अंतराळयानाचे भव्य सेट, दृश्यचमत्कार, रंगभूषा यांमुळे एकेका भागाचा खर्च मोठा आणि प्रेक्षकवर्ग निष्ठावंत असला तरी मर्यादित. त्यामुळे कुऱ्हाड प्रथम तिच्यावर पडते आणि तीही बहुधा कथा ऐन मध्यावर असताना. अशा वेळी चाहते जे करतात, त्याचा पायंडा ‘स्टार ट्रेक’नेच पाडला.

मूळ मालिका एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी दाखवलेली, कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांच्या स्पॉकची मालिका ती हीच. दुसरे पर्व संपत आले तेव्हा ती बंद होणार, अशी कुणकुण लागली. बीजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने देशभर पत्रमोहीम उभारली. पत्र कसे लिहावे, कोणाला लिहावे, पाकिटावर मालिकेचे नाव का टाकू नये, इथपर्यंत सूचना देण्यात आल्या होत्या. वाहिनीकडे लाखाहून अधिक पत्रांचा ढीग पडला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी जानेवारी १९६८ मध्ये मशाली घेऊन एनबीसीच्या बरबँक येथील कार्यालयावर चालून गेले. अखेर १ मार्च १९६८ रोजी, एका भागाच्या शेवटी, मालिका पुढे सुरू राहील अशी घोषणा वाहिनीला पडद्यावरूनच करावी लागली. त्यानंतर आभाराच्या पत्रांचा पूर आला, तो वेगळाच.

मोहीम जिंकली, मालिका मात्र हरली. तिसऱ्या पर्वाला शुक्रवारी रात्री दहाची वेळ देण्यात आली. ज्या तरुण प्रेक्षकांच्या जोरावर ती तगून होती, ते त्या वेळी घरी नसत. खर्चाला कात्री लागली. निर्माते जीन रॉडेनबेरी यांनी दैनंदिन कामातून अंग काढून घेतले. ३ जून १९६९ रोजी अखेरचा भाग प्रसारित झाला, तोही इतर भागांसारखाच एक. त्यात ना निरोप, ना समारोप. दर आठवड्याला सुरुवातीच्या निवेदनात पाच वर्षांची मोहीम म्हणून सांगितला जाणारा प्रवास तीन वर्षांत आटोपला. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत माणूस खरोखरच चंद्रावर उतरला, हा योगायोग कोणालाही खटकावा असाच.

तरीही या मोहिमेचे खरे फळ पुढे मिळाले आणि ते समजून घेतल्याखेरीज नंतरचा इतिहास कळत नाही. अमेरिकेत जुन्या मालिका स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकल्या जातात. रोज एक भाग दाखवायचा, तर भागांचा साठा पुरेसा हवा. दोन पर्वांचे मिळून ५५ भाग झाले होते. तिसऱ्या पर्वाने २४ भागांची भर घातली आणि संख्या ७९ वर गेली. या बळावर मालिका गावोगावच्या केंद्रांवर पोहोचली, संध्याकाळच्या सोयीच्या वेळी दिसू लागली आणि मूळ प्रक्षेपणात जो प्रेक्षक कधीच मिळाला नव्हता, तो तिला मिळाला. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचे संमेलन भरले, तेव्हा संयोजकांना काहीशे लोकांची अपेक्षा होती, आले हजारोंनी. १९७६ मध्ये तर चाहत्यांच्या पत्रांमुळे ‘नासा’च्या पहिल्या स्पेस शटलचे नाव ‘एंटरप्राइज’ ठेवले गेले. म्हणजे पत्रांनी मालिका वाचवली नाही, तिच्या पुनर्जन्माची मात्र सोय केली. हे कोणी योजून केले नव्हते.

पुढे १९८७ पासून ‘द नेक्स्ट जनरेशन’, ‘डीप स्पेस नाइन’, ‘व्हॉयेजर’ अशा मालिका एकापाठोपाठ आल्या. या तिघींना सात-सात पर्वे आणि रीतसर शेवट लाभला. त्यांतील पहिलीचा शेवट १९९४ मध्ये झाला, तोही लोकप्रियता टिकून असताना. कारण त्या पात्रांना चित्रपटांत न्यायचे स्टुडिओने ठरवले होते. शेवट चांगला झाला, पण तो केव्हा व्हावा हे तेव्हाही स्टुडिओनेच ठरवले, हे विसरता येत नाही.

खरा आघात झाला तो २००५ मध्ये. ‘एंटरप्राइज’ ही मालिका सप्टेंबर २००१ मध्ये यूपीएन या वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा पहिल्या भागाला सुमारे सव्वा कोटी प्रेक्षक होते. चौथ्या पर्वापर्यंत ही संख्या तीस लाखांच्या आसपास घसरली. या घसरणीचे खापर एकट्या वाहिनीच्या माथी फोडता येणार नाही. चाहत्यांनी तिच्या शीर्षकगीताविरुद्धही सह्यांची मोहीम काढली होती! अठरा वर्षे अखंड चाललेल्या एकाच विश्वाचा प्रेक्षकांना थकवा आला होता आणि पहिल्या दोन पर्वांत लेखकही त्याच त्या वाटा तुडवत होते. मॅनी कोटो यांच्या हाती चौथ्या पर्वाची सूत्रे आल्यावर मालिकेला सूर सापडला, असे चाहते व समीक्षक दोघांचेही मत झाले. फेब्रुवारी २००५ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, तो नेमका या वळणावर.

चाहत्यांनी पॅरामाउंटच्या फाटकासमोर निदर्शने केली. जगभरातून वर्गणी गोळा करून पुढच्या पर्वाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. कल्पना धाडसी होती, पण व्यवहार तिच्या बाजूने नव्हता. पर्वाचा खर्च काही कोटी डॉलरचा. शिवाय कोणताही स्टुडिओ प्रेक्षकांकडून पैसे घेऊन त्यांना भागीदार करून घेणे कदापि शक्य नव्हते. पैसे देणारा उद्या कथेविषयीही बोलू लागेल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. पॅरामाउंटने प्रस्ताव नाकारला. एकूण भाग झाले ९८. पुनःप्रक्षेपणासाठी शंभराच्या आसपासचा आकडा सोयीचा मानला जाई. तिथवर पोहोचल्यावर मालिकेला जगवण्याचे आर्थिक कारणही उरले नव्हते.

१३ मे २००५ रोजी प्रसारित झालेल्या अंतिम भागाने तर जखमेवर मीठ चोळले. रिक बर्मन आणि ब्रॅनन ब्रागा या जुन्या जोडीने तो लिहिला होता. अठरा वर्षांच्या साऱ्या प्रवासाला मानवंदना द्यावी, या हेतूने त्यांनी ‘द नेक्स्ट जनरेशन’मधील रायकर आणि ट्रॉय ही पात्रे आणली. ‘एंटरप्राइज’च्या खलाशांची अखेरची कामगिरी ही दोन पात्रे यानावरील आभासी कक्षात पाहत आहेत, अशी ती रचना होती. परिणामी ज्यांचा निरोपसमारंभ, तेच पाहुणे ठरले. ट्रिप टकर या लोकप्रिय पात्राचा मृत्यूही त्यातच उरकण्यात आला. अनेक चाहते आजही त्याच्या आधीची दोन भागांची कथा हाच मालिकेचा खरा शेवट मानतात. पुढे ब्रागा यांनीही तो प्रयोग फसल्याचे जाहीरपणे कबूल केले. यूपीएन वाहिनीचे म्हणाल, तर सप्टेंबर २००६ मध्ये तीच बंद पडली.

या प्रकरणात चाहत्यांच्या संतापाचे कारण तपासले, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. मालिका संपली याचा राग काही महिन्यांत ओसरला. ती कशी संपली, याचा राग वीस वर्षांनंतरही टिकून आहे. प्रेक्षक आठवड्यामागून आठवडे वेळ देतो, त्याच्या मोबदल्यात कथा कुठेतरी पोहोचेल असे त्याने गृहीत धरलेले असते. हा करार कागदावर कुठेही नसतो. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीच्या लेखी तर प्रेक्षक हा ग्राहकच नव्हे; जाहिरातदार ग्राहक आणि प्रेक्षक हा विकायचा माल. माल तक्रार करू लागला, तर दुकानदार गोंधळणारच.

अर्थात, अन्य मालिकांबाबत चाहत्यांच्या मोहिमा यशस्वी झाल्याची उदाहरणे आहेत. सीबीएसने मे २००७ मध्ये ‘जेरिको’ ही अणुहल्ल्यानंतरच्या अमेरिकेची मालिका बंद केली. तिच्या शेवटच्या भागात नायक शरणागतीच्या मागणीला ‘नट्स’ असे उत्तर देतो. दुसऱ्या महायुद्धात बास्तोनच्या वेढ्यात अमेरिकी सेनानीने जर्मनांना दिलेले हे गाजलेले उत्तर. चाहत्यांनी तो शब्द शब्दशः घेतला आणि सीबीएसच्या कार्यालयांकडे वीस टनांहून अधिक शेंगदाणे धाडले. सात भागांचे दुसरे पर्व पदरात पडले. ते देताना, आता प्रेक्षक वाढवून दाखवा, असे वाहिनीने चाहत्यांना बजावले होते. ते वाढले नाहीत. मार्च २००८ मध्ये मालिका पुन्हा बंद झाली. परंतु या वेळी शेवटासह.

‘द एक्स्पान्स’ची कथा अधिक बोलकी आहे. सायफाय वाहिनीने मे २०१८ मध्ये तिसऱ्या पर्वानंतर तिला नारळ दिला. वाहिनीकडे केवळ पहिल्या प्रक्षेपणाचे हक्क होते. इंटरनेटवर मागाहून पाहणाऱ्यांचा तिला काडीचाही उपयोग नव्हता. चाहत्यांनी ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक लावलेले विमान फिरवले आणि त्याच महिन्यात जेफ बेझोस यांनी मालिका वाचल्याची घोषणा केली. मात्र वाचली म्हणजे किती? सहा पर्वांनंतर जानेवारी २०२२ मध्ये ती संपली, तेव्हा मूळच्या नऊ कादंबऱ्यांपैकी अखेरच्या तीन बाकीच होत्या. जिथे मालकाचे गणित आधीच जमण्याच्या बेतात असते, तिथेच विमाने आणि शेंगदाणे कामी येतात, असा याचा अर्थ. एका श्रीमंताला मालिका आवडणे, ही काही व्यवस्था नव्हे.

इंटरनेटवरील वर्गणीदार सेवा आल्यावर चित्र पालटेल, अशी आशा होती. येथे प्रेक्षक स्वतः पैसे मोजतो. म्हणजे तो ग्राहक झाला. प्रत्यक्षात त्याच्या हातचे होते तेही गेले. एनबीसीच्या काळात प्रेक्षकसंख्येचे आकडे प्रसिद्ध होत, त्यांच्यावर वाद घालता येई. आज मालिका किती जणांनी पाहिली, किती जणांनी अर्ध्यावर सोडली, हे बहुतांशी सेवाचालकालाच ठाऊक. त्याला हवे असतात नवे वर्गणीदार, आणि चौथे-पाचवे पर्व नवा वर्गणीदार क्वचितच आणते. कलाकारांचे मानधन मात्र पर्वागणिक वाढते. मालिका प्रौढ होण्याच्या वयातच निवृत्त का होतात, याचे उत्तर इथे आहे.

‘डिस्कव्हरी’चे पाचवे पर्व चित्रित होऊन गेले, तेव्हा मार्च २०२३ मध्ये ते शेवटचे असल्याचे जाहीर झाले. समारोपाची काही दृश्ये नंतर चित्रित करू दिली गेली आणि मे २०२४ मध्ये मालिकेला बरा निरोप मिळाला. याच मालिकेच्या चौथ्या पर्वाच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२१ मध्ये, नेटफ्लिक्सकडील जागतिक हक्क काढून घेण्यात आले होते आणि भारतासह अनेक देशांतील प्रेक्षक रातोरात बाहेर फेकले गेले होते. ‘प्रॉडिजी’ या ॲनिमेशन मालिकेची गत तर आणखी वाईट. जून २०२३ मध्ये ती रद्द झालीच, शिवाय आधीचे भागही पॅरामाउंट प्लसवरून उतरवण्यात आले. दुसरे पर्व तयार होत असताना हे घडले. चाहत्यांच्या आग्रहानंतर नेटफ्लिक्सने ती घेतली आणि जुलै २०२४ मध्ये दुसरे पर्व दाखवले, म्हणून निभावले. १९६९ मध्ये मालिका बंद पडली तरी फिती कपाटात राहिल्या आणि पुढे तारणहार ठरल्या. आता कपाटाची किल्लीही मालकाच्याच खिशात आहे. शेवट नाकारण्यापलीकडे जाऊन स्मृतीच नाकारण्याची ही सोय नवी आहे आणि चाहत्यांनी खरे तर तिची अधिक धास्ती घ्यायला हवी.

या पार्श्वभूमीवर ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ला मिळालेले सहा भाग थोडे असले, तरी नगण्य नाहीत. या मालिकेपुढील पेच मात्र जगावेगळा आहे. ती मूळ मालिकेची पूर्वकथा. तिचा नायक कॅप्टन क्रिस्टोफर पाइक पुढे अपघातात होरपळणार आणि यांत्रिक खुर्चीत जखडला जाऊन केवळ दिव्याच्या उघडझापेने होय-नाही सांगू शकणार, हे प्रेक्षकांना नोव्हेंबर १९६६ पासून माहीत आहे. एनबीसीने नाकारलेला पहिला नमुना भाग वाया जाऊ नये, म्हणून त्याच्या भोवती रचलेल्या कथेत ते दाखवले गेले होते. खुद्द पाइकलाही आपले भविष्य दिसलेले आहे. ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या पर्वात त्याने ते पाहिले आणि तरीही आपली वाट बदलली नाही. यान अखेर कर्कच्या हाती जाणार, हेही ठरलेले. तेव्हा लेखकांना शेवट शोधायचा नाही. साठ वर्षांपूर्वी दुसऱ्यांनीच लिहून ठेवलेल्या शेवटापर्यंत सहा भागांत चालत जायचे आहे.