टूर बघा, टोकन थांबवा!

पुण्यात ॲडमिशन झालं की रूमची शोधाशोध हल्ली मोबाइलवरच सुरू होते. नोब्रोकर, मॅजिकब्रिक्ससारख्या साइट्स उघडायच्या, व्हिडिओ टूर बघायची, शॉर्टलिस्ट करायचं. बाहेरगावाहून येणाऱ्यांचे हेलपाटे वाचतात, हे भारीच! पण वाइड अँगलमध्ये दहा बाय दहाची खोलीही हॉल वाटते. पाणी किती वेळ येतं, भिंतीला ओल आहे का, हे कॅमेरा सांगत नाही. शिवाय दुसऱ्याच घराचा व्हिडिओ दाखवून टोकन उकळणारेही असतात. म्हणून पैसे पाठवण्याआधी स्वतः जा, नाहीतर तिथल्या मित्राला पाठवा. आणि रजिस्टर्ड करार मागायला लाजू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाचीच आहे. घर स्क्रीनवर आवडू दे, पैसे मात्र दार उघडल्यावरच!