मातीविना बाग, पण मुळं रोवायची कशात?

घरगुती हायड्रोपोनिक्सचं किट विकत घेताना पंप, पाइप, टाकी यांची कसून चौकशी होते. मुळं ज्यात रोवायची त्या माध्यमाबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही. किटसोबत रॉकवुलचे ठोकळे आले की तेच वापरले जातात. महाराष्ट्रातल्या गच्च्यांसाठी ही निवड योग्य नाही.

रॉकवुल म्हणजे बेसाल्टसारखा दगड सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसला वितळवून काढलेले तंतू. डेन्मार्कमध्ये १९६९ च्या सुमारास त्यात रोपं वाढवायला सुरुवात झाली आणि पुढे हॉलंडच्या काचघरांनी ते उचलून धरलं. तिथल्या बंदिस्त, नियंत्रित शेतीत ते उत्तम काम करतं. पण ते मूळचं अल्कधर्मी असतं, त्यामुळे ५.५ पीएचच्या पाण्यात आधी भिजवावं लागतं. शिवाय ते कुजत नाही. पीक निघालं की ठोकळे कचऱ्यात जातात आणि तिथंच राहतात.

कोकणात नारळाच्या सोडणापासून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, म्हणजेच कोकोपीट, इथल्या हवेला जास्त मानवतो. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी तो धरून ठेवतो. मे महिन्यात भर दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर नुसत्या पाइपातली पालेभाजी लवकर माना टाकते. कोकोपीटमधल्या रोपाला तेवढा वेळ निभावता येतो.

त्याचा दोष एकच, पण मोठा: मीठ. सोडणात सोडियम आणि पोटॅशियम मुळातच असतं. ते खाऱ्या पाण्यात कुजवलं असेल तर आणखी वाढतं. वर हा भुसा खताच्या पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतो. मग लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि घरचा माणूस बिचारा खताची मात्रा बदलत बसतो. उपाय अवघड नाही. कोकोपीटची वीट फुलवून साध्या पाण्यानं नीट धुवावी, कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवावी, पुन्हा निथळावी. निथळलेल्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप) नळाच्या पाण्याच्या जवळ आला की काम झालं.

पावसाळ्यात मात्र नुसतं कोकोपीट चिंब राहून मुळं गुदमरतात. त्यात परलाइट किंवा बांधकामाच्या विटांचे बारीक तुकडे मिसळायलाच हवेत. टोमॅटो, मिरचीसारखी मोठी झाडं असतील आणि पंप भरवशाचा असेल, तर भाजलेल्या मातीच्या गोळ्या घ्याव्यात. महाग असल्या तरी धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतात.

साध्या खडीला तर उगाचच कमी लेखलं जातं. हायड्रोपोनिक्सचे अभ्यासक शोल्टो डग्लस यांनी १९४० च्या दशकात कालिम्पाँगला प्रयोग करून जी ‘बंगाल पद्धत’ बसवली, तिचा भर स्थानिक खडी-वाळूसारख्या स्वस्त सामानावरच होता. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची खडी धुऊन आजही चालते. ती पाणी धरत नाही, म्हणून पाणी वरचेवर फिरवावं लागतं. खडी चुनखडीची नाही ना, एवढं पाहावं: थेंबभर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले तर ती पीएच वाढवणार, घेऊ नये.

विक्रेत्यांकडून एक अपेक्षा आहे. कोकोपीटच्या पिशवीवर ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ असे शब्द ठळक दिसतात. त्यांच्या जागी भुसा धुतलेला आहे का, कॅल्शियमची प्रक्रिया केलेली आहे का आणि त्याचा ईसी किती, हे छापायला हवं. तोवर ग्राहकांनी दुकानात हे तीन प्रश्न विचारूनच वीट घ्यावी.