झाडाचे औषध की घरातले विष?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ माझा दवाखाना आहे. पाळ्या सांभाळणारे कामगार, सिडकोच्या लहान घरांत राहणारी त्यांची कुटुंबे आणि आजूबाजूचे जुने शेतकरी, असे माझे रुग्ण. यातल्या पुष्कळांना आता झाडांचा नाद लागला आहे. गॅलरीत चार कुंड्या, गच्चीवर टोमॅटो, दारात जास्वंद. नाडी बघता बघता कुणी सांगतो, "डॉक्टरसाहेब, मोबाईलवरून ड्रॅगनफ्रूटचे रोप मागवले. तीन दिवसांत दारात!" ऐकून बरे वाटते. मातीत हात घालणाऱ्या माणसाला थोडा व्यायाम होतो, ऊन मिळते, मन रमते. मी स्वतः रक्तदाबाच्या कित्येकांना बागकाम सुचवले आहे. तेव्हा आजचा लेख बागेविरुद्ध नाही आणि मोबाईलविरुद्धही नाही. पण गेल्या पावसाळ्यात घडलेला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही.

संध्याकाळी दवाखाना ऐन गर्दीत असताना एका निवृत्त कामगारांना त्यांच्या मुलाने रिक्षातून आणले. तोंडातून लाळ गळत होती, शर्ट घामाने चिंब, दोन उलट्या झालेल्या, डोळ्यांसमोर अंधुक. बायको म्हणाली, "पित्त झाले असेल, दुपारी शिळी भाजी खाल्ली." मी बॅटरी डोळ्यांवर मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झाल्या होत्या. दंडाचे स्नायू थरथरत होते. मी विचारले, "काका, आज फवारणी केली का?" ते चमकलेच. "गच्चीवर जास्वंदीला औषध मारले थोडे. पांढरा पिठ्या ढेकूण फार झाला होता. पण औषध चांगले आहे, मोबाईलवरून मागवलेले आहे!"

कपडे उतरवून अंग साबणाने धुतले, ॲट्रोपिनचे इंजेक्शन दिले आणि मोठ्या रुग्णालयात रवाना केले. पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून काका सुखरूप घरी आले. थोडा उशीर झाला असता, तर हा लेख वेगळ्या सुरात लिहावा लागला असता.

नंतर त्यांनी ती बाटली मला आणून दाखवली. शेतातल्या पिकासाठी असलेले ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक होते ते. प्रमाण लिहिले होते एका लिटर पाण्याला दोन मिलि. काकांनी मोबाईलवरच्या चित्रफितीत ऐकले होते, "एक झाकण टाका." त्या बाटलीच्या झाकणात मी सिरिंजने मोजून पाणी घातले. दहा मिलिपेक्षा जास्त मावले! म्हणजे पाचपटीहून अधिक विष. तेही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, उघड्या हातांनी, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून, गळक्या हातपंपाने. पोटात थेंब गेला नव्हता. जे गेले ते कातडीतून आणि श्वासातून गेले. काका मला म्हणाले, "पण डॉक्टरसाहेब, ते झाडाचे औषधच होते ना?"

खरा घोटाळा या एका शब्दात आहे. आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. 'औषध मारले', 'औषध आणले' असेच आपले बोलणे. शब्द औषधाचा असल्यामुळे मनातली भीती जाते. मी रुग्णाला साधी गोळी देताना वय विचारतो, आधीची औषधे विचारतो, पोटात बाळ आहे का ते विचारतो. आणि हे दुसरे 'औषध' मात्र एकही प्रश्न न विचारता दारात येते. घंटी वाजते, नातवंडे धावत जाऊन खोके घेतात.

आता कायद्याचे पाहू. आपल्या देशात कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा आणि त्याचे नियम १९७१ चे आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने या नियमांत बदल करून परवानाधारक विक्रेत्यांना ऑनलाइन विक्रीची मुभा दिली. विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी त्या विक्रीच्या संकेतस्थळावर टाकली. म्हणजे घरपोच कीटकनाशक बेकायदेशीर नाही. पण कायद्याने परवाना तपासता येतो. समोरच्या माणसाकडे किती कुंड्या आहेत आणि घरात रांगते मूल आहे का, हे कायदा तपासू शकत नाही. ते विचारायला माणूस लागतो. कृषी सेवा केंद्राचा जुना दुकानदार "चार कुंड्यांना हे कशाला? साबणाचे पाणी मारा," असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवतो, तेव्हा तो एका अर्थाने डॉक्टरचेच काम करत असतो. सगळे दुकानदार असे नसतात, हेही खरे. सुटे कीटकनाशक शीतपेयाच्या बाटलीत ओतून देणारे मी पाहिले आहेत. तो गुन्हा मोबाईलच्या आधीपासूनचा आहे.

वाचकांना २०१७ साल आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांनी प्राण गमावले आणि शेकडो रुग्णालयात पोचले. ती जन्मभर शेती केलेली माणसे होती. त्यांची ही गत झाली, तर पस्तीस वर्षे लेथ मशीनवर काढलेल्या माणसाने गच्चीवर पंप उचलताना किती सावध असावे?

हे झाले बाटलीचे. रोपांचीही एक गोष्ट आहे. माझ्याकडच्या एका मधुमेही ताईंनी 'इन्सुलिनचे रोप' मागवले. रोज दोन पाने चावून खायची, साखर पळून जाते, असे त्यांना कळले होते. पाने सुरू केली आणि गोळ्या बंद! दोन महिन्यांनी पायाची जखम भरत नाही म्हणून आल्या, तेव्हा साखर ३८० होती. त्या झाडात इन्सुलिन नसते, नावच तेवढे पडले आहे. पानांवर संशोधन चालू असेल, चालू द्या. पण गोळी बंद करण्याचा निर्णय कुंडीवर सोपवू नका.

गुळवेलीचेही तसेच. करोनाच्या काळात घरोघरी काढे झाले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पुढे २०२२ मध्ये मंत्रालयानेच खुलासा केला की खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक जात अपायकारक ठरू शकते. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात. वाद तज्ज्ञांवर सोडू. आपल्यापुरता धडा एवढाच, की फोटो पाहून मागवलेली वेल नेमकी कोणती, हे जाणत्या वैद्याने किंवा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने पाहिल्याशिवाय तिचा काढा करू नये.

दुसऱ्यांच्याच चुका सांगितल्या तर बरोबर होणार नाही. एक माझीही सांगतो. 'हवा शुद्ध करणारे झाड' अशी जाहिरात वाचून मी दवाखान्याच्या बाकाशेजारी डिफेनबॅकियाची कुंडी ठेवली होती. पांढरे ठिपके असलेली मोठी पाने, दिसायला सुरेख. एका दीड वर्षाच्या मुलाने पान चावले आणि क्षणात किंचाळू लागला. जीभ आणि ओठ सुजले. त्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. थंड पाण्याने तोंड धुऊन तासाभरात मूल शांत झाले. मी मात्र त्याच्या आईपुढे ओशाळलो. हवा शुद्ध करण्याची कीर्ती नासाच्या १९८९ च्या प्रयोगांतून पसरली. ते प्रयोग बंद पेट्यांत केलेले होते. उघड्या खिडकीच्या खोलीत दोन-चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. मी डॉक्टर असून हे तपासले नाही. कुंडी त्याच दिवशी हलवली. आपल्या अंगणातली कण्हेर आणि पिवळी बिट्टी तर त्याहून घातक. त्यांच्या बिया आणि पाने हृदयाची लय बिघडवतात.

बियांबद्दलही एक शब्द. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने इशारा दिला होता, की परदेशातून न मागवता आलेली बियांची पाकिटे पेरू नका. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. त्यांनी गाजर गवत आठवावे. परदेशी धान्याबरोबर आलेले आणि १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे गवत आज देशभर आहे. त्याच्या ॲलर्जीने अंग खाजवत येणारे रुग्ण आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षे पाहतो आहोत.

मग माहिती घ्यायची कुठून? मोबाईलवरून जरूर घ्या, पण सांगणारा कोण आहे ते पाहा. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोलकरांनी आपल्या महाराष्ट्रात 'प्रयोग परिवार' उभा केला होता. तेव्हा मोबाईल नव्हता. लोक पत्रे लिहीत, एकमेकांच्या बागा बघायला जात. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांनी त्यातून पुष्कळ मिळवले. सांगणाऱ्याने ते स्वतः आपल्या मातीत करून पाहिलेले असे आणि चुकले तर पुढच्या भेटीत त्याला जाब विचारता येई. हजार मैलांवरून बोलणाऱ्या चित्रफितीला जाब कोण विचारणार?

आपल्या नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. केंद्र सरकारचे किसान कॉल सेंटर २००४ पासून सुरू आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फुकट फोन करून मराठीत विचारता येते. विचारण्यात कमीपणा कसला?

माझे स्पष्ट मत असे आहे. रोपे, कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, खुरपे हे सारे खुशाल घरपोच मागवा. कीटकनाशक मात्र मागवू नका. चार कुंड्यांना ते बहुधा लागतच नाही. मावा, पिठ्या ढेकूण यांना पाण्याची जोरदार धार, साबणाचे पातळ पाणी किंवा पाच टक्के निंबोळी अर्क पुष्कळदा पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, झाला अर्क. पण 'नैसर्गिक' म्हणून तोही उघडा ठेवू नका. कडुनिंबाचे तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर झटके येऊ शकतात.

तरीही कीटकनाशक आणावेच लागले, तर दुकानात जा, बिल घ्या आणि डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अतिजहाल विष, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम, हिरवा त्यामानाने सौम्य. काकांच्या बाटलीवर पिवळा होता. घरातल्या कुंडीसाठी लाल-पिवळ्याला हात लावायचा नाही, हा नियम मुलांनाही शिकवा. आणि ज्यांची विक्रीची संकेतस्थळे आहेत त्यांनी हा त्रिकोण किमतीएवढा मोठा दाखवावा, पिकासाठीचे विष कुंडीच्या सामानाशेजारी मांडू नये, एवढी अपेक्षा जास्त नाही.

फवारणी करताना पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ. झाकणाने नव्हे, मापाने मोजा. ते माप स्वयंपाकघरात परत नेऊ नका. मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत कधीही ओतू नका. बाटली कुलपात ठेवा.

विषबाधेची शंका आली, तर कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुवा. मदत करणाऱ्याने आपले हात सांभाळावेत. मीठपाणी पाजून उलटी करवू नका, दूध-लिंबू देत बसू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर आणा. ती बाटली डॉक्टरांचा अर्धा तास वाचवते.

काका आता बरे आहेत. परवा रक्तदाब तपासायला आले, तेव्हा खिशातून जास्वंदीचे लाल फूल काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, "साबणाच्या पाण्यानेच गेला हो पिठ्या ढेकूण. आठ दिवस लागले, एवढेच." फूल मी औषधांच्या कपाटावर ठेवले. आठ दिवस थांबायची तयारी असेल, तर बागेसारखा वैद्य नाही.